गायधनी काकूंचा नवा मासा

गायधनी काकू आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बसल्या नाहीत, पाणीही मागितलं नाही. मी कौतुकाने लावलेल्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "बाद. डावी बाजू अर्धं बोट वर आहे."

त्या गेल्यावर मी मोजलं. होती.

काकूंची सगळी नोकरी नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये गेली. छापून आलेले कागद तपासायचे. रंग सरकला, रेघ तुटली की 'बाद' म्हणून बाजूला काढायचे. निवृत्त झाल्या, पण तपासणी थांबली नाही. मिसळीतली शेव बाद. सोसायटीची रांगोळी बाद. भाचीला बघायला आलेला मुलगा तर चहा यायच्या आत बाद. "मी नावं ठेवत नाही हं," त्या वर सांगायच्या, "फक्त दाखवते."

जिला कुणीच नावं ठेवू शकणार नाही अशी एक वस्तू त्यांच्याच घरात होती. खाऱ्या पाण्याची, समुद्री माशांची टाकी. फिल्टरच्या पाण्यात खास मीठ मोजून घालत. "घरचंच मीठ का नाही चालत?" असं पाटील वहिनींनी विचारलं, तेव्हापासून पाटील वहिनीही बाद. खारेपणा मोजायला दुर्बिणीसारखी छोटी नळी होती. तिच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, आणि निळा रंग जिथे संपतो तो आकडा वाचायचा. "पस्तीस म्हणजे पस्तीस," काकू बजावायच्या. "साडेपस्तीस चालणार नाही."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी नवा मासा आणला. बिल्डिंगभर वर्दी गेली, आम्हा बायकांना कॉफीचं आमंत्रण आलं. आणि आयत्या वेळी रद्द झालं.

"मासा झोपलाय," दार बोटभर उघडून काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मासा "प्रवासाने दमलेला" होता. फटीतून मला दिसलं, टाकीवर जुनं लुगडं टाकलंय. मग दार उघडेनासंच झालं. शेवटी त्यांचाच फोन आला. आवाज अगदी खाली. "मनीषा, जरा येतेस? एकटीच ये."

त्यांनी लुगडं बाजूला केलं. बाकीचे मासे मजेत फिरत होते. नवा दगडाला टेकून आडवा पडला होता, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते.

"दुकानात ठणठणीत होता गं. माझ्याकडे आला आणि असा झाला." आपल्या घरी जेवून पाहुणा आजारी पडावा, तशा त्या ओशाळल्या होत्या. "दिवा बंद ठेवला, आवडीचं खायला घातलं. तोंडच लावत नाही."

"पाणी मोजलंत?"

"रोज मोजते. पस्तीस."

नळी तिथेच होती. मी सहज थेंब टाकून बघितलं. काच पुसून, नवा थेंब टाकून पुन्हा बघितलं, मग पुन्हा पुसली.

"काकू, चाळीस आहे!"

माझा आवाज जरा जास्तच चढला. इतक्या वर्षांनी त्यांची चूक मला सापडली होती ना! काकूंनी नळी माझ्या हातातून घेतली, खिडकीकडे धरली, डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"हो की," त्या म्हणाल्या. "चाळीसच."

काच कोरडी होती. त्यावर थेंबच नव्हता. आत नुसतं निळं दिसायला हवं होतं, आकडा कळायचं कारण नव्हतं.

माझ्या गप्प राहण्यावरून त्यांना कळलं असावं. "पुसली होतीस?"

"हो."

त्या दिवाणावर टेकल्या. "डोळ्यामागचा पडदा गेलाय. कडेकडेचं दिसतं, नेमकं मधलं नाही. इंजेक्शनं चालू आहेत. कुणाला सांगितलं नाही. काय तोंडाने सांगू? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मीठ अंदाजाने घालत गेले. जुने मासे हळूहळू सोसत गेले. याला एकदम त्यात टाकलं. मुक्या जिवाने माझा तोरा भोगला गं."

गेल्या वर्षभरात त्यांचं 'बाद' कमी झालं होतं. आम्हाला वाटायचं, काकू मवाळ झाल्या. मघाचा माझा चढलेला आवाज मलाच ऐकू यायला लागला, आणि कुठे बघावं ते कळेना. मी टाकीशेजारचा प्लॅस्टिकचा मग उचलला.

थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच साधं फिल्टरचं घालायचं, थांबायचं. एकदम नाही, तोही धक्काच. काकू ओतायच्या, मी आकडा वाचायचे. दोन-तीन दिवस हेच चाललं. मग एका सकाळी मासा दगडामागून निघाला, वर आला आणि त्याने दाणा गिळला.

"खाल्लं! काकू, खाल्लं त्याने!"

त्या आल्या, काचेला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कसा आहे गं तो?"

"बरा वाटतोय."

"तसं नाही. दिसायला. दुकानदार म्हणाला फार सुंदर आहे, म्हणून घेतला."

मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले. "पुढून जांभळा आहे. शेपटीकडे पिवळा, हळदीसारखा."

"आणि दोन रंग मिळतात तिथे?"

मी वाकून नीट बघितलं. "तिथे रेघ नाही. पिवळे ठिपके जांभळ्यात शिरलेत. आधी दाट, मग विरळ."

काकूंनी डोळे मिटले आणि चाचपडत माझं मनगट धरलं.

"सावकाश सांग," त्या म्हणाल्या. "घाई नाहीये ना तुला?"