पिराजी सुतारांच्या मशीनचा कट्टा

मंगळवार पेठेत पिराजी सुतारांएवढा मापाचा पक्का माणूस नाही, असं खुद्द पिराजीच सांगत! पण ठेंगण्या रंधा मशीनवर वाकून वाकून त्यांच्या पाठीचा कोयता झाला होता. डॉक्टर म्हणाले, “आणखी वाकलात तर धंदा बंद.” पिराजींनी ठरवलं, आपण वाकायचं नाही, मशीनच वर उचलायचं!

बाळासो गवंडी आला. मशीनखाली बांधायच्या कट्ट्याचं माप बघायला गल्ली जमली.

“माझ्या मनगटाला मशीनचं टेबल आलं पायजे,” पिराजी गरजले. “पुन्हा पाठ दुखली तर मिशी उतरवीन!”

नव्या जाड तळाच्या कापशी वहाणा घालून, छाती काढून ते उभे राहिले. तालमीत फोटोला उभं राहावं तसे!

“मामा, जरा सैल उभं ऱ्हावा की. वहाणा काढा,” बाळासो म्हणाला.

“सुताराला माप शिकवतूस व्हय रं? घे खूण!”

कट्टा झाला, बोल्ट गाडून मशीन पक्कं बसलं. हंबीररावांच्या वास्तुशांतीचा देव्हारा त्याच संध्याकाळी द्यायचा होता. पिराजींनी नारळ फोडला आणि कामाला लागले. अनवाणी! मशीन म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढं वहाणा चालत नाहीत, हा नियम त्यांचाच. बुटासकट आत आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी भर पावसात बाहेर उभं केलं होतं.

वहाणा गेल्या, पाठ सवयीनं वाकली, आणि टेबल थेट बरगड्यांना लागलं!

“अवो,” त्यांची बायको आक्का म्हणाली, “मशीन वाढलं का तुम्ही आटलासा?”

“गप गं! नवीन हाय, बसंल हळूहळू.”

“काँक्रीट बसतंय व्हय?”

पिराजींनी पायाखाली जेवायचा पाट घेतला. खाली भुसा! फळी ढकलली तसा पाट मागं पळाला, आणि पिराजी दोन्ही कोपरांनी टेबलाला लोंबकळले. आक्कानं झटकन बटण बंद केलं. नेमके तेव्हाच दारात हंबीरराव!

“देव्हारा झाला का वं? आन ह्ये काय, व्यायाम चाललाय?”

भुशात तोंड खुपसावं असं पिराजींना झालं. आक्कानं पदर खोचला.

“व्हा बाजूला. मी ढकलते, तुम्ही पलीकडनं धरा.”

पलीकडून फळी ओढण्यात तिचा जन्म गेलेला. ती पिराजींपेक्षा चार बोटं उंच, हे घरात कुणी बोलत नसे. टेबल तिच्या मनगटाला तंतोतंत आलं! दिवेलागणीला देव्हारा तयार.

“आक्का, ह्ये तर तुमच्याच मापाचं हाय की!” हंबीरराव म्हणाले.

“तिच्याचसाठी बांधलं,” पिराजी खाकरले. “तिची पाठ दुखायची.”

“वा! नवरा असावा तर असा!” म्हणत हंबीरराव देव्हारा घेऊन गेले.

पिराजी बराच वेळ भुसा झाडत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, “खरंच दुखत हुती व्हय गं?”

“व्हय की,” आक्का म्हणाली. “आजच थांबलीया.”