मिठानेही न सुटणारं प्रथिन

बघायला आलेल्या मुलाच्या आईच्या अंबाड्यातून कोणी आकडा उपसून घेतल्याचं तुम्ही ऐकलंय का? माझ्या नणंदेने, हेमाने, घेतला. "काकी, जरा देता का?" असं विचारून घेतला, पण काकी हो म्हणायच्या आत तिचा हात अंबाड्याला लागला होता. माजिवड्याची चांगली बंगलेवाली माणसं. मुलाने आपलं बोलायला म्हणून विचारलं होतं, "तुम्ही नक्की कशावर काम करता?" हेमाला एवढं पुरतं.

"हा समजा एचआयव्हीचा आरएनए," ती आकडा त्याच्या नाकासमोर धरून म्हणाली. "व्हायरसचा सगळा निरोप या धाग्यात असतो. धागा एकेरी, पण सुरुवातीलाच स्वतःवर वळतो, असा. आणि एका बाजूला त्याला बारीक फुगवटा असतो. टॅट नावाचं व्हायरसचं प्रथिन बरोबर तिथेच धरतं. धरलं, की पुढचा धागा भराभर तयार होतो. नाही धरलं, तर काम अर्ध्यातच बंद. म्हणून मी तो फुगवटा शोधत बसते."

काकींचा अंबाडा तोवर पाठीवर आला होता. एचआयव्ही म्हटल्यावर मुलाने चहाचा कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. स्थळ गेलं. "वयनी, त्यांचा आकडा आपल्याकडेच राहिला गो," एवढीच हेमाला हळहळ.

मी कळव्याची, लग्न होऊन खाडीच्या अलीकडे ठाण्याच्या कोळीवाड्यात आले. सासरे जाळी विणायचे, सासूबाई बाजारात म्हावरं विकायच्या, आणि त्यांची मुलगी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एचआयव्हीचं प्रथिन आरएनएला कसं धरतं ते बघायची. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. हेमा घरात असली की सुतळी, परकराच्या नाड्या, वाळत घालायची दोरी, कशाचीच धडगत नसे. सगळ्याला पीळ पडलेला आणि मध्ये फुगवटा. कोणी काही नवं सांगितलं की तिचा एकच प्रश्न, "ते राहू दे. कुठं धरतं ते बोल." माझ्या नवऱ्याने एकदा केस वाढायचं तेल आणलं, तर त्यालाही तेच विचारलं. तो बाटलीवरची चिठ्ठी वाचत बसला, आणि पुढे केसही राहिले नाहीत.

तिचा लेख परदेशी अंकात छापून आला तेव्हा सासूबाईंनी तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थेट बाजारात नेला. त्यात काळ्या रेघांचा एक फोटो होता. वीज सोडली की मोकळा आरएनए जेलीतून पुढे पळतो, प्रथिन चिकटलं की जड होऊन मागे राहतो, असं हेमाने त्यांना समजावलं होतं. कोलंबी मोजता मोजता सासूबाई गिऱ्हाइकाला फोटो दाखवत. "पुढं पलाला तो कोन पन असंल. मागं रायला ना, तो आमचा." आम्हा सगळ्यांनाच त्या रेघेचा भारी गर्व होता. मी तर माहेरी जाऊन ती कागदावर काढूनही दाखवली.

बाजारात सासूबाईंच्या समोरची जागा सुमनची. तिच्या आईकडून तिला आलेली, आमच्यात तसंच चालतं. सुमन हेमाची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा नवरा आजारात गेला, मग तिचं रक्त तपासलं, तर तिलाही एचआयव्हीची लागण. बातमी कोळीवाडाभर झाली. बायकांनी टोपल्या लांब सरकवल्या, आणि हिला आता बसूच द्यायचं नाही असं बोलणं सुरू झालं. जागा गेली असती तर सुमनच्या घरात चूल पेटली नसती. शेवटी ठरलं, की रविवारी देवळापुढे जमायचं, जवळ बसून हे लागतं का यावर हेमा काय सांगते ते ऐकायचं आणि मग निकाल लावायचा.

हेमा सासऱ्यांची दोरी घेऊन उभी राहिली. कधी नव्हे ते एवढ्या बायका तिचं ऐकत होत्या आणि तिथेच घात झाला. सुमनचं राहिलं बाजूला, बाई रंगल्या आपल्या प्रथिनात. "काय पकड आहे म्हणून सांगू," ती दोरी आवळत म्हणाली. "मी त्यात मीठ घालून बघितलं. तरी सोडत नाही."

मीठ म्हटल्यावर सगळ्या सावध झाल्या. खारवण्यात जन्म गेलेल्या बायका त्या. हिराबाई, सगळ्यांत जुनी, उठून उभी राहिली. "डॉक्टरीन सोताच बोलते, मिठानं पन सुटत नाय. मंग आमी कनाला हिच्या बाजूला बसायचं?"

"अगो मावशी, ते आरएनएला धरतं, तुझ्या टोपलीला नाय," हेमा मागून ओरडत राहिली. पण देवळापुढे तोवर सुमन तेवढी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाने रजा टाकली, आईचं लुगडं नेसली आणि बाजारात सुमनला चिकटून बसली. तिला म्हावरं विकता येत नव्हतं. कोणी दोनदा भाव केला की ही पडेल भावात देऊन टाकी, वर मूठभर कोलंबी. मासा ही धरी आणि सुमन कोयत्याने कापी. फोटोवाली डॉक्टरीण म्हावरं विकतेय म्हणून बघ्यांची गर्दी झाली, स्वस्त मिळतंय म्हणून गिऱ्हाइकांची. बाकीच्या रांगेकडे कुत्रं फिरकेना. सासूबाईंच्या टोपलीमागून बघताना मला हसू आवरत नव्हतं आणि ऊरही भरून येत होता.

शेवटी हिराबाई आली. "उठ गो बाय. आमचा धंदा बसवलास तू."

"मी उठले तर हिच्या बाजूला कोण बसेल?"

हिराबाईने आधी सुमनकडे, मग हेमाकडे बघितलं. एक शिवी हासडली, गेली आणि आपली टोपली ओढत घेऊन आली. "मी बसते. तू आटप." सगळ्या काही आल्या नाहीत. पण हिराबाई बसली म्हटल्यावर सुमनला उठवायची कोणाची छाती नव्हती.

दुपारी सुमनने भाकरी आणि सुकट फडक्यातून सोडून ताटात घेतली. हेमाने तिच्याच ताटात हात घातला. मी तिथेच टेकले आणि म्हटलं, "हेमा, तुला जराही भीती नाही वाटली?"

"कसली?" ती म्हणाली. मग घास तसाच हातात ठेवून हळूच म्हणाली, "वयनी, कामावर माझ्या टेबलाशी जेवायला कोण बसत नाय गो. मी त्या व्हायरसचं काम करते ना. आमच्याकडे खरा व्हायरस नसतोसुद्धा, नुसता आरएनएचा तुकडा. तरी. मी जिन्यात बसून खाते."

तिचा तो डबा रोज सकाळी मीच भरत होते. एवढी शिकलेली आमची पोर चार मोठ्या माणसांत बसून खात असेल, म्हणून हौसेने भरत होते. तो रोज रिकामा परत यायचा, आणि तिने कधी एक शब्द काढला नव्हता.

सुमनने उरलेली भाकरी मोडली आणि मोठा तुकडा हेमापुढे सरकवला.

"रविवारी सुट्टी असते ना तुजी?" ती म्हणाली. "मंग हितं येत जा जेवायला."