डोमाभाऊंचा नेम

डोमाभाऊंनी माझे स्वागत माझे हात हुंगून केले.

मूल गावाहून आलेल्या मोटारीने मला फाट्यावर सोडले होते. तिथून पाच मैल बैलगाडीने हादरत, मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी सांभाळत मी नेमणुकीच्या गावी पोचले. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, रानाच्या कडेला एक उंच, सडसडीत गृहस्थ वाट अडवून उभे होते. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर महिनाभर फणी न लागलेले केस. "हात दाखव," ते म्हणाले. हे ज्योतिषी असावेत असे समजून मी उजवा तळवा पुढे केला. त्यांनी तो पाहिला नाही, वाकून हुंगला. मग डावा हुंगला. मग रसायनशाळेतल्या परीक्षकाच्या गांभीर्याने निकाल दिला :

"साबन. खोबऱ्याचं तेल. आनि... शाई. शाई चालते. नाल्यावर जाय, राखेनं हात धू, मंग ये."

मी नागपूरची बी.एस्सी. होते, प्राणिशास्त्रात पहिली आलेली होते, आणि सरकारच्या कोसा-सुधार योजनेची अधिकृत निदर्शक होते. मी नाल्यावर गेले आणि राखेने हात धुऊन आले.

चांदा जिल्ह्याच्या त्या पट्ट्यातली ढिवर मंडळी तळ्यानदीत मासे धरतात, थोडा धान लावतात आणि पावसाळ्यात येनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात. त्या कोशांपासून रेशीम निघते. या जोडधंद्याला हात द्यावा असे सरकारने ठरवले होते : बीज, म्हणजे किड्यांची अंडी, मोफत, पक्ष्यांपासून राखायला जाळी, आणि तयार कोसा विकत घ्यायला सहकारी संस्था. योजना कागदावर निर्दोष होती. कागदावर डोमाभाऊ नव्हते.

किडे झाडावर चढल्यापासून कोसा उतरेपर्यंत पाळणाऱ्याने नेम पाळायचा असतो. तेल नाही, फणी नाही, दाढी नाही, रात्री घरी निजणे नाही. आणि मासे नाहीत. तळी भरून वाहत असतात, मासे आपण होऊन धानाच्या बांधीत उड्या मारत असतात, आणि नेमक्या त्या दिवसांत जन्मजात मासेमाराने तोंड फिरवून वरणभात खायचा. गावातल्या इतरांनी या नेमात व्यावहारिक सुधारणा केल्या होत्या. सुकवलेला मासा हा मासा नव्हे, असे एक मत होते. रस्सा म्हणजे तुकडा नव्हे, असे दुसरे. डोमाभाऊंना ही मते मान्य नव्हती. "नेम म्हंजे नेम," ते म्हणत, आणि गावाकडून वारा सुटला की नाक वर करून कोणाची चूल काय शिजवते याचा अंदाज घेत. तो अंदाज सहसा चुकत नसे.

मला ते 'तू' म्हणत, पाटलांना 'तू' म्हणत. किड्यांना मात्र 'तुमी'. "तुमी खा बाप्पा आरामानं. मी आहो इथी." पहिल्या पावसाळ्यात आमचे वरिष्ठ साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांच्या केसांना सुगंधी तेल होते. डोमाभाऊंनी त्यांना रानात शिरू दिले नाही.

"अहो, मी सरकारी कामावर आहे," साहेब म्हणाले.

"मी काय खेळून राह्यलो? डोकं धुऊन ये."

साहेबांनी नाल्यात डोके धुतले, तेही राखेने. अहवालात त्यांनी लिहिले : 'स्थानिक उत्पादकांत स्वच्छतेची जाणीव समाधानकारक.'

एवढा बंदोबस्त असूनही त्या वर्षी डोमाभाऊंचे निम्म्याहून अधिक किडे मलूल होऊन झाडावरून गळले. मी कारण जाणत होते. कोशाच्या किड्यांत एक रोग असतो, तो मादी पाखराच्या, म्हणजे कोशातून निघणाऱ्या पतंगाच्या, पोटातून अंड्यात उतरतो. डोळ्याला दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाला दिसतो. डोमाभाऊंचे निदान वेगळे होते. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले.

"तू मंगरवारी मूलले गेली होती. काय खाल्लं?"

"वरणभात."

"आनि?"

"लोणचं."

"कायचं?"

"आंब्याचं, डोमाभाऊ!"

त्यांनी दीर्घ नि:श्वास सोडला. पुराव्याअभावी माझी सुटका झाली.

दुसऱ्या वर्षी सरकारने तपासलेले, निरोगी बीज पाठवायचे ठरवले. अट एकच होती : एका रानातल्या सगळ्यांनी ते घ्यायचे आणि आपले जुने बीज नष्ट करायचे. एकानेही रोगट बीज झाडावर चढवले तर त्याचे किडे इतरांच्या पानांवर रोग सोडणार; मग प्रयोग वाया. एकाचाही नकार आला तर बीज दुसऱ्या तालुक्याला जाईल, असे परिपत्रक स्पष्ट सांगत होते. गावातली नऊ घरे तयार झाली. दहावे डोमाभाऊ.

मी लपवत नाही. माझे स्वतःचेही त्यात बरेच गुंतले होते. या प्रयोगाच्या अहवालावर मला संशोधनासाठी पाठवायचे की नाही, हे ठरणार होते. पण त्याहून नऊ घरांचा प्रश्न मोठा होता. लागोपाठ तीन वर्षे त्यांचे कोशाचे पीक बुडाले होते. आणखी एक वर्ष तसे गेले, तर पाळणे सोडून लाकूडतोडीच्या मजुरीला जाऊ, असे ती माणसे उघड बोलत होती.

मी डोमाभाऊंना बीजाच्या डब्यावरची मोहर दाखवली.

"मोहर आहे," त्यांनी मान्य केले. "पन मोहर लावनारा काय जेवला होता?"

युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर द्यावे, अशी माझी शिकवण. मी बीजकेंद्राला रीतसर पत्र लिहून विचारले की, बीज हाताळणारे कर्मचारी मत्स्याहार करतात काय. आठ दिवसांनी उत्तर आले : 'कर्मचाऱ्यांच्या आहाराची नोंद ठेवण्याची प्रथा या कार्यालयात नाही.' मी ते वाचून दाखवले.

"म्हंजे खातेत," डोमाभाऊ म्हणाले.

इकडे त्यांच्या घरच्या पाखरांनी अंडी घातली होती. प्रत्येक मादी आपल्या अंड्यांसह पळसाच्या वेगळ्या द्रोणात, आणि असे द्रोण पडवीभर. चार दिवसांत अंडी फुटणार होती. मी शेवटचा डाव टाकला. "डोमाभाऊ, तुमचं बीज शुद्ध आहे ना? मग माझ्या यंत्राची भीती कशाला?"

"भीती? मले?" ते उठलेच. "आन तुहं यंत्र!"

यंत्र आणले. त्यांनी ते आधी हुंगले. "याले तेल आहे."

होते. सर्वात मोठे दाखवणाऱ्या भिंगावर तेलाचा थेंब घालावा लागतो. मी ते भिंग काढून पेटीत ठेवले. या रोगासाठी कोरडे भिंग पुरते, हे त्यांना सांगायची गरज मला वाटली नाही. माझ्या सवलतीचा त्यांच्या मनावर चांगला परिणाम झाला.

त्यांनी स्वतः निवडून बारा माद्या दिल्या. अंडी घालून झालेली मादी चार दिवसांची सोबती असते. तिचे पोट खलून एक थेंब काचेवर घ्यायचा. पहिल्या थेंबात तांदळाच्या कणीसारखे, चकाकणारे लांबट ठिपके खच्चून भरलेले. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात, चौथ्यात तेच. पाचवी मादी स्वच्छ निघाली. मी दोन्ही काचा शेजारी ठेवल्या आणि डोमाभाऊंना भिंगाला डोळा लावायला सांगितले. एक डोळा मिटायचे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी तो तळहाताने दाबून धरला. खूप वेळ पाहिले. मग दुसरी काच पाहिली. मग पुन्हा पहिली.

"हे कनी कनी काय होय?"

"रोग. आईच्या पोटातून अंड्यात जातो, अंड्यातून किड्यात."

"कोनी मासे खाल्ले म्हनून?"

"नाही."

"नेम मोडला म्हनून?"

"नाही, डोमाभाऊ. हे पाखराच्या पोटातलं आहे. माणसाच्या पोटाशी याचा संबंधच नाही!"

हे मी विजयाच्या सुरात बोलले, याची मला आजही लाज वाटते. कारण डोमाभाऊंचा चेहरा वादात हरलेल्या माणसासारखा झाला नाही. वाट चुकल्याचे फार चालून गेल्यावर कळावे, तसा झाला.

"अकरा सालाआंदीबी हेच असन?" त्यांनी विचारले.

अकरा वर्षांपूर्वी काय झाले होते, ते मग त्यांनी सांगितले. तेव्हा ते आणि त्यांचा धाकटा भाऊ लटारू एकाच रानात, एकाच झोपडीत कोसा राखीत. किडे भराला आले आणि आठ दिवसांत सगळे गळून पडले. डोमाभाऊंनी भावाचे हात हुंगले. लटारू सासुरवाडीला जाऊन आला होता. तिथे आग्रहाला बळी पडून एक तुकडा खाल्ल्याचे त्याने कबूल केले. डोमाभाऊंनी त्याच दिवशी रान वाटून दिले. नाल्याच्या अलीकडचे आपले, पलीकडचे त्याचे. त्या दिवसापासून बोलणे बंद. लटारूला मी ओळखत होते. सरकारी बीज घ्यायला तयार झालेल्या नऊ घरांत पहिले घर त्याचेच होते.

"त्याच्यानं नेम होत नाई," डोमाभाऊ म्हणाले. "लहानपनापासून खादाड. मंग दुसऱ्या सालापासून मीच दोघाईचा धरला."

"दोघांचा म्हणजे?"

"माहा असते तितके दिवस माहा. आनि त्याच्या आंदी तितकेच दिवस त्याचा. त्याच्या रानाले कोनी तरी पाहिजे का नाई?"

"म्हणजे दुप्पट दिवस मासे नाहीत! हे लटारूभाऊंना माहीत आहे?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "त्याले कसं सांगू? बोलत नाई ना मी त्याच्याशी!"

मी काचा पुसायला घेतल्या. मग त्यांनी स्वतःच विचारले, "मंग अकरा साल फुकट गेले म्हन."

खोटे बोलून धीर द्यायची मला सवय नाही. मी म्हटले, राखेने हात धुणे, तेलसाबण दूर ठेवणे, बाहेरच्या माणसाला शिरू न देणे, याचा उपयोग झालाच असेल. नाहीतर आणखी किडे गेले असते. माशांचा मात्र काही दोष नव्हता.

"बहुत मासे राह्यले बाई खाचे," डोमाभाऊ म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिले. ते हसणे पुरते हसणे नव्हते.

परिपत्रकानुसार त्यांचे सगळे बीज जाळायला हवे होते. पण ते परिपत्रक लिहिणाऱ्याने पाचवी मादी पाहिलेली नव्हती. ज्यांची आई स्वच्छ ती अंडीही स्वच्छ. सरकारी बीज तरी दुसऱ्या कोणत्या रीतीने निवडले जाते? मी पडवीतला प्रत्येक द्रोण तपासायला घेतला. दोन दिवस मान वर केली नाही. डोमाभाऊ एकेक मादी आणून देत आणि माझ्या तोंडाकडे पाहत. मी नकाराची मान हलवली की द्रोण डावीकडे, हो म्हटले की उजवीकडे. डावीकडे ढीग झाला, उजवीकडे सतरा द्रोण. डावा ढीग त्यांनी स्वतःच्या हाताने पेटवला. उजवीकडच्या सतरांसाठी मी साहेबांना चार पानांचे समर्थन लिहून त्याच रात्री माणसाबरोबर धाडले. साहेबांनी ते लगेच मान्य केले. बहुधा राखेच्या आठवणीने.

वाटपाच्या सकाळी डोमाभाऊंसह दहाही घरांची नावे वहीत चढली आणि एकेक घर आपला वाटा घेऊन गेले. लटारूचा तेवढा राहिला. तो पलीकडे झाडांभोवतीचे गवत काढत होता.

"हे मी नेतो," डोमाभाऊ म्हणाले. त्यांनी लटारूच्या वाट्याचे सरकारी बीज टोपलीत घेतले, आपल्या सतरांतले आठ द्रोण त्यात ठेवले आणि नाल्यात उतरले. पाणी गुडघ्याएवढे होते. वाटपाची वही हातात असल्याने मला मागोमाग जावेच लागले, असे मी स्वतःला सांगितले.

लटारूने मान वर करून पाहिले. विळा त्याच्या हातातच राहिला. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले, मग त्याची खात्री पटली की पुढे आलेला माणूस आपला भाऊच आहे.

"बीज आनलं," डोमाभाऊ म्हणाले.

"सरकारी होय का?" लटारूने विचारले.

"थोडं सरकारी. थोडं आपलं."

लटारूने टोपलीत डोकावून पाहिले. मग त्याने विळ्याने एक येन दाखवला. "त्याच्यावर टाकू. पाला चांगला आहे."

"त्याच्यावर? डोकं फिरलं का तुहं? त्या झाडाले मुंग्या आहे. बुडाले नाई, वरतं, त्या दुफाट्यात."

"तुले काय मालूम? तू कदी आला इथी?"

"आलो कायले पाहिजे? रोज पाह्यतो ना मी तिकून!"

लटारूने विळा खाली ठेवला. त्याने टोपली भावाच्या हातातून घेतली आणि दुसरे झाड दाखवले.