शेंदूर भलत्यालाच

माझ्या नजरेवर कुणी शंका घेतलेली मला खपत नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं! म्हणून गेल्या वर्षी गुडघ्यांपायी सासऱ्यांना वाकता येईना आणि रानदेवाची पूजा कोण करणार असा प्रश्न आला, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "मी आहे ना!"

सासऱ्यांची काळजी उलट वाढली. सासूबाई गेल्यानंतरची ही पहिलीच पूजा. ती नीट पार पडावी, एवढंच त्यांना हवं होतं. नियम त्यांनी मला पुन्हा पुन्हा पढवला. वेस ओलांडली की नारळ फुटेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. रानदेवाला माणसांची बडबड सोसत नाही म्हणे.

शेंदराची वाटी आणि नारळ घेऊन मी पुढे निघालो. काठी टेकत सासरे मागे, त्यांच्या सोबतीला ताट घेतलेली बायको. रानात मोठ्या झाडाखाली एक ऐसपैस, गुळगुळीत दगड दिसला. देव ओळखायला काय लागतं! मी शेंदूर फासला.

लांबून सासरे हात हलवू लागले. कमी पडला असेल, म्हणून मी आणखी फासला. त्यांनी काठीने डावीकडे दाखवलं, मी डावीकडून प्रदक्षिणा सुरू केली. त्यांनी कपाळावर हात मारला, मीही दगडावर कपाळ टेकलं. बायको पदरात तोंड खुपसून गदगदत होती. आईच्या आठवणीने रडतेय बिचारी, असं वाटून मीही डोळे टिपले. मी नारळ फोडला.

"जावईबापू," सासरे एकदाचे बोलले, "देव तिकडे आहे, पाचोळ्यात. हा आमचा बसायचा दगड."

पूजा आटोपली की सासरे-सासूबाई दोघं दरवर्षी याच दगडावर बसून खोबरं खायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटीत शेंदूर औषधालासुद्धा उरला नव्हता.

सासरे दगडापाशी आले. मग माझ्या खांद्याचा आधार घेत वाकले, त्यावरचा थोडा शेंदूर बोटावर घेतला आणि पाचोळा सारून देवाला लावला.

"देवाकडेसुद्धा सगळं तिच्याच हातून जायचं," ते म्हणाले. "तिला मात्र कधी कुणी फूल वाहिलं नाही. मीसुद्धा नाही."

ताटातली उरलेली फुलं त्यांनी त्या दगडावर ठेवली. आता बायको खरंच रडत होती.

यंदा त्यांना बसायला मी घडीचं स्टूल नेलं. सासऱ्यांनी आधी माझ्या हातातली शेंदराची वाटी काढून घेतली, मगच ते स्टुलावर बसले.