गावंडे गार्डांनी लावलेली बॅग

आमच्या चौबे कॉलनीत कोणी प्रवासाला निघालं, की गावंडे काका त्याच्या घरी जातात आणि त्याची भरलेली बॅग पलंगावर उपडी करतात. परवानगी वगैरे मागायची त्यांची पद्धत नाही. गल्लीत नव्याने आलेला एक भाडेकरू पहिल्या वेळी पोलिसांना बोलवायला निघाला होता. आता तोच निघायच्या आदल्या दिवशी काकांना मुद्दाम चहाला बोलावतो.

"बॅग भरून राहिले का?" काका दारातूनच विचारतात. आपण हो म्हटलं की संपलं. "भरतेत ते पोतं! बॅग लावा लागते."

हे 'लावणं' रेल्वेतलं. फलाटाला गाडी लावतात, तशी बॅग लावायची. काका चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. पुढे कोळशाच्या पन्नास-पंचावन्न वाघिणी, सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा, त्यात एकटे काका, आणि मागे नुसते रूळ. सोबतीला एक काळी पत्र्याची पेटी. तीत झेंड्या, दिवा, औषधं आणि काकांचा खासगी कांदा. निवृत्त होताना पेटी जमा करावी लागली. आठ दिवस काका जेवले नाहीत म्हणतात. मग पुरानी बस्तीतल्या पत्रेवाल्याकडून त्यांनी हुबेहूब तशीच पेटी करून घेतली, वर पांढऱ्या रंगात स्वतःचं नाव घातलं. लोकांच्या हॉलमध्ये टीव्ही असतो, त्यांच्या हॉलमध्ये पेटी आहे. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात हे मी एकदा त्यांना सांगायला गेलो. "नाव मॅनेजर झालं," काका म्हणाले, "डब्बा शेवटचाच हाय ना?"

आमच्या घराचं आणि बॅगेचं कधीच पटलं नाही. मी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे, पण घरचं सामान माझ्या हातात आलं की त्याचं कालवण होतं. आईचं शास्त्र एका वाक्याचं, "असू दे, लागलं तर." तिने भरलेल्या बॅगेची चेन लावायला एका माणसाला बॅगेवर बसावं लागतं. लहानपणापासून तो माणूस मी आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही झुले आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या, शहराबाहेरच्या एका मोठ्या पार्कला निघालो, तेव्हा काकांनी आईने भरलेली बॅग उपडी केली आणि आतून दोन उशांचे अभ्रे व कुकरची शिट्टी निघाली. काका शिट्टीकडे बराच वेळ पाहत राहिले. "वहिनी, हे काहून?"

"लागलं तर," आई म्हणाली. त्या दिवसापासून दोघांचं बिनसलं.

पण काकांनी त्या संध्याकाळी जे केलं, ते मी उघड्या तोंडाने पाहिलं. ते आमच्या पलंगावर मांडी घालून बसले आणि उलटे निघाले. "पहिले हे सांगा, पार्कातून निघतानी काय घालनार? ते सगळ्यात खाली. मंग उलटं येत या." प्रत्येकाचे कोरडे कपडे त्याच्याच टॉवेलात गुंडाळले, वर सुतळीची गाठ. टॉवेल सोडला की माणूस तयार. साबण मोज्यात, मोजा डब्यात, डबा कोपऱ्यात. वरच्या कप्प्यात इकडची गोड खुर्मी आणि बेसनाची खारी ठेठरी, 'गेटच्या बाहेर खायची' अशी चिठ्ठी लावून, कारण आत खाणं नेऊ देत नाहीत. बाजूच्या खिशात ऊन बाधू नये म्हणून कांदा. झाकणाच्या आत टाचणीने यादी. तिच्यातली दोन कलमं मला अजून पाठ आहेत. 'रिकामी पिशवी, ओल्या कपड्यांकरिता.' त्याखाली, 'रिकामी पिशवी, वरील पिशवी गळल्यास.'

एवढं सगळं आत गेल्यावर चेन एका बोटाने लागली. कोणी बसायची गरज पडली नाही. मला उगाच बेकार झाल्यासारखं वाटलं.

पार्कच्या गेटवर तपासणीवाल्याने बॅग उघडली, यादी वाचली, आत पाहिलं आणि हात न लावता चेन बंद केली. "भैया, ये जमाया किसने है?" त्याने ज्या आवाजात विचारलं, तो आवाज लोक देवळात काढतात.

खरा चमत्कार दुपारी झाला. मोठ्या तलावात एक भारदस्त गृहस्थ अर्धा तास कंबरभर पाण्यात उभे होते. बायको हाका मारून थकली, मुलं रडायला लागली, पण ते बाहेर येईनात. शेवटी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं. घसरगुंडीत त्यांच्या चड्डीची नाडी तुटली होती. मी धावत बॅगेकडे गेलो. यादीतलं कलम अकरा, 'नाडी, एक. नाडी ओवायची काडी, एक.' कप्पा तिसरा, डावीकडे. पाण्यात उभ्या उभ्या त्या गृहस्थांनी नाडी ओवली आणि सन्मानाने बाहेर आले. मी ती बॅग जमिनीवरून उचलून बाकावर ठेवली. देवाशप्पथ, मला तिला नमस्कार करावासा वाटला.

काकांची एक अट मात्र विचित्र होती. बॅग घरातल्या सगळ्यात मागे चालणाऱ्या माणसाने पाठीवर घ्यायची, आणि बॅगेच्या पाठीला सायकलचा लाल दिवा लावायचा. संध्याकाळी गल्लीत शिरताना तो पेटवायचा. काका आमच्या गेटवर उभे असायचे. तो लाल दिवा दिसला की विचारायचे, "गाडी पूरी आली का?" त्यावर 'पूरी आली' असंच म्हणायचं. एकदा मी कंटाळून नुसतं "हो हो" म्हणत आत शिरलो, तर त्यांनी मला कोपऱ्यापर्यंत परत पाठवलं आणि तिथून पुन्हा यायला लावलं.

स्वतः काका मात्र कधी आले नाहीत. दर वर्षी आम्ही बोलवायचो आणि दर वर्षी त्यांचा नळ यायचा असायचा किंवा गॅसवाला. यंदा मे महिन्यात ते पुन्हा आमच्या पलंगावर बॅग लावत बसले होते, आणि माझ्या नऊ वर्षांच्या इराने विचारलं. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच येतं.

"आजोबा, आप कभी क्यों नहीं आते?"

"नळ येनार हाय, बेटा."

"नल तो रोज आता है."

काकांच्या हातातला टॉवेल थांबला. मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून हसू आवरलं.

"हे पाय पोट्टी," ते म्हणाले, "गाडी ठेसनात आली म्हनजे आली असं नसते. मधातच चार डब्बे सुटून राहिले असन तर? म्हनून ठेसनवाला शेवटच्या डब्ब्याचा लाल दिवा पाहते. तो दिसला, तवाच गाडी पूरी आली. आमच्या घरी कुसुम पाहे. मी ड्युटीवरून आलो का ते गेटवर उभी राहे. इचारे, गाडी पूरी आली का?" त्यांनी टॉवेलाची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "आता दिवसभर बाहेर जाऊन मी वापस आलो, तर पाहीन कोन? आलो का नाही आलो, मलेच समजनार नाही."

कुसुमकाकू जाऊन चार वर्षं झाली होती. त्या गेटवर उभ्या दिसायच्या, तेव्हा मला वाटायचं भाजीवाल्याची वाट पाहतात. समोरच्या घरात राहून मला एवढंही कळलं नव्हतं, याची लाज वाटली.

मग स्वयंपाकघरातून आई आली, गुडघ्यावर हात ठेवत. गुडघ्यांमुळे ती पार्कला येतच नाही. दोन वर्षं ती काकांशी कामापुरतंही बोलली नव्हती.

"मी पाहीन," ती म्हणाली. "जा तुम्ही."

"वहिनी, तुमाले जमन का? उभं राहा लागते."

"शिट्टी बी वाजवीन. कुकरची हाय माझ्यापाशी."

काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कांदा. घसरगुंड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पार्कात मुलांची एक छोटी आगगाडी आहे, ते तिच्या शेवटच्या डब्यात, मागे तोंड करून बसले. एकामागून एक तीन फेऱ्या. दर फेरीला आमच्यासमोरून जाताना त्यांनी गार्ड 'सगळं ठीक' सांगतो तसा हात आडवा धरला, आणि माझी बायको स्नेहल, जिला मी दहा वर्षांत कोणाला सलाम करताना पाहिलं नाही, तिने त्यांना सलाम केला.

परत येईपर्यंत दिवस मावळला होता. गल्लीच्या कोपऱ्यावर इरा पुढे, मग स्नेहल, मग मी. बॅग काकांनी माझ्याकडून मागून घेतली. "आज शेवटचा मी हाय," म्हणाले. मी त्यांच्या पाठीवरचा लाल दिवा पेटवला.

आई गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. आम्ही तिघं तिच्यासमोरून आत गेलो, तिने आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती मान लांब करून दिवा शोधत होती. तो दिसल्यावर गेट धरून उठली, नीट सरळ उभी राहिली.

"भाऊ, गाडी पूरी आली का?"

काका गेटबाहेरच थांबले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. आईने वाट पाहिली. मग काकांच्याच कडक आवाजात पुन्हा विचारलं, "इचारून राहिली ना मी. गाडी पूरी आली का?"

"आली, वहिनी," काका म्हणाले. "पूरी आली."

"मंग मधात या," आई म्हणाली, "चहा ठेवला हाय."