सोनावणेसाहेबांची तपासणी

मुलांनो, आमच्या बेलवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर सोनावणेसाहेब राहतात. कुणी भेटलं की ते आधी त्याचा वास घेतात, नमस्कार नंतर. तुमचे आजोबा एकदा खोकल्याचं औषध पिऊन खाली उतरले, तर साहेबांनी त्यांना जिन्यातच अडवलं. "काय जोशीसाहेब, सकाळी सकाळी?" आजोबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

साहेबांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. "पहिला नग नेहमी चांगलाच निघतो, वहिनी," हे त्यांचं पालुपद; म्हणजे खोट पुढच्या नगांत शोधायची. दूधवाला, नवा वॉचमन, कुणीच त्यातून सुटला नाही. पालेगावात फ्लॅट विकणाऱ्या एजंटाने जाहिरातीत तलाव दाखवला, तर साहेब स्वतः जाऊन बघून आले. "तलाव कसला? पाइप फुटलाय."

पण खरी तपासणी संजूची. संजू हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दारूपायी त्याची नोकरी गेली, बायको माहेरी गेली. मग व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो घरी परतला आणि उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात लागला. साहेबांच्या पत्नी केव्हाच वारल्या होत्या, घरात दोघेच. रोज संध्याकाळी साहेब फाटकात उभे. संजू आला की नाक पुढे.

"भजी खाल्लीस?"

"हो."

"कशाबरोबर?"

"चटणीबरोबर, बाबा!"

एक दिवस संजूचा आवाज चढला आणि अख्ख्या सोसायटीने ऐकला. "बस झालं हां आता! आणखी एकदा वास घेतलात ना, तर मी उल्हासनगरलाच खोली घेऊन राहीन."

साहेब हादरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वास जरा लांबून घेतला. संजूने खरोखरच खोली शोधायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयात एका लेखकाचं भाषण होतं. स्वतःचं पिणं आणि ते सुटणं, यावर त्याने पुस्तक लिहिलं होतं. खुर्च्या, हार, नारळ हे सगळं माझ्याकडे. साहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. संजूही आला, पण मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

लेखक गॉगल लावून आला, हातात स्वतःची बाटली. दोन वाक्यं झाली की एक घोट. खरं सांगते, शंका मलाही आली.

साहेब उठले. "त्या बाटलीत काय आहे?"

"अहो, खाली बसा!" अध्यक्ष ओरडले.

लेखकाने शांतपणे बाटली पुढे केली. "घ्या."

साहेबांनी वास घेतला, घोट घेतला, तोंडात घोळवला. "जिऱ्याचं पाणी."

"पित्त आहे मला. आणि गॉगल डोळे आलेत म्हणून. तोही काढून दाखवू?"

हशा पिकला. साहेब हलले नाहीत. "पहिला नग नेहमी चांगलाच निघतो."

लेखक हसला नाही. "घरी कुणाला तपासता, काका?"

"मुलाला."

"रोज?"

"रोज."

"काय सापडलं?"

साहेबांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "काही नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग अजून का तपासता?"

मला वाटलं, आता कारखान्याचा एखादा नियम ऐकावा लागणार. साहेबांनी बाटली लेखकाला परत दिली. मग माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू आलं.

"तेवढाच जवळ येतो हो तो."

साहेब खाली बसले. संजू भिंतीपासून निघाला आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढे आला. शेजारच्या खुर्चीवर साहेबांची पिशवी होती. त्याच्याकडे न बघता त्यांनी ती उचलली आणि मांडीवर घेतली.