सत्यभामाबाईंच्या पाठीची बखर

श्रीहृदयनिवासी देव रोग्यांस आयुष्य देवो आणि लिहिणारास खरे लिहिण्याचे बळ देवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास. कोणे एके राज्यी वैद्यराज त्र्यंबकराव हृदयाच्या बंद वाटा मोकळ्या करीत असत. मनगटातून बारीक नळी आत घालावी, क्ष-किरणांनी ती पडद्यावर पाहावी आणि अडथळा मोडावा, ऐसी मोहीम. त्या किरणांची मोजदाद भिकाजीपंतांकडे. तेरा वर्षे शिशाचा अंगरखा वागवून पंतांची कंबर गेली आणि बोलण्याची हौसही गेली. दर पाच मिनिटांस यंत्राची घंटा होई. आकडा मोठ्याने सांगावा हा कायदा, आणि अंगठ्याने घंटा मुकी करून गप्प बसावे हा दरबारचा रिवाज. कारण मध्ये बोलले की वैद्यराजांची मर्जी खप्पा होई.

ऐशियास सत्यभामाबाई नामे वयस्क स्त्री मेजावर आली. देह स्थूल, वाट जुनी बंद. मग नळीतली तार अडथळ्यात शिरेना, आणि वैद्यराज हटेनात, आणि यंत्राचे तोंड पाठीच्या एकाच जागी रोखलेले. पंतांस सर्व दिसत होते, तरी आठ वेळा त्यांनी घंटा मुकी केली. नवव्या वेळी किरणांचा आकडा पाच ग्रेच्या, म्हणजे कातडी भाजू लागते त्या मापाच्या, पार गेला, आणि पंतांस स्वतःचीच लाज वाटली, आणि ते बोलिले, "सर, पाच झाले. यंत्र तिरकं करा. पाठ एकाच जागी भाजतेय."

"पंत, दोन मिनिटं! तार आत्ता कुठे शिरतेय."

बाई जाग्या होत्या. त्या बोलिल्या, "अहो, पाठ कुणाची भाजतेय?"

मग वैद्यराजांनी किरण सोडण्याच्या कळीवरून पाय उचलिला, यंत्र तिरके करविले, किरणांची चौकट आखूड केली, आणि थोड्या वेळात वाट खुली जाहली. पेढे वाटिले. घरी धाडितेसमयी पाठीविषयी बाईंस कोणी अवाक्षर बोलिले नाही; पंतही दमून निघून गेले.

तीन आठवड्यांनी त्यांस राहवेना, आणि त्यांनी बाईंस बोलावून परिचारिकेसमक्ष पाठ पाहिली. उजव्या खवाट्याखाली तळहाताएवढी कातडी तांबडी होऊन सोलली होती.

"बाई, मला आधीच कळलं होतं. बोललो नाही. मलम देतो, दोन वेळा लावा."

"तिथं हात पोचत नाही हो माझा," बाई म्हणाल्या, "आणि घरात मी एकटी."



तात्पर्य, वाट उघडली, बाई जगल्या, जखम चार महिने राहिली. पंत आताशा आकडा मोठ्याने सांगतात आणि कोणास तो गोड लागत नाही. जाहले ते लिहिले.